शपथेपूर्वींचा प्रवास

एका देशाचें नागरिकत्व सोडून दुसऱ्या देशाचें घेणें ही बोलण्यांत एका वाक्याची गोष्ट. पण कायद्याच्या हिशेबीं तिला बरीच वर्षें लागतात, आणि त्या वर्षांच्या अगदीं शेवटीं एक चमत्कारिक काळ येतो. अर्ज झालेला असतो, परीक्षा उतरलेली असते, मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्यानें मंजुरीची शिफारस केल्याचा कागद हातांत दिलेला असतो. आणि तरीहि तो मनुष्य नव्या देशाचा नागरिक झालेला नसतो. शपथ व्हावयाची राहिलेली असते. साखरपुडा झाला, याद्या झाल्या, हळदहि लागली, पण अंतरपाट अजून दूर झाला नाहीं, अशी ही अवस्था. तींत किती दिवस जातील हें निश्चित सांगतां येत नाहीं. कोठें मुलाखतीच्याच दिवशीं दुपारीं शपथविधि उरकतो, कोठें कांहीं आठवडे जातात, कोठें महिने लागतात. आणि नेमक्या त्याच दिवसांत साताऱ्याहून किंवा सावंतवाडीहून फोन येतो कीं, आईची प्रकृति बरी नाहीं, येऊन जा.

जावें कीं न जावें, हा प्रश्न ऐकणाऱ्याला मायेचा वाटतो. परदेशांत पंधरा-वीस वर्षें काढलेल्या मनुष्याला मात्र तो आधीं कागदांचा प्रश्न वाटतो, आणि यांत त्याला दोष देण्यांत अर्थ नाहीं. विद्यार्थी म्हणून जावयाचें, मग नोकरीचा परवाना, मग त्या परवान्याची मुदतवाढ, मग कायम वास्तव्याच्या कार्डासाठीं लांबलचक रांग, अशा पायऱ्या चढत तो आलेला असतो. प्रत्येक पायरीवर 'या दिवसांत देशाबाहेर पडूं नका' असें कोणी ना कोणी त्याला बजावलेलें असतें. आणि पुष्कळदां तें बरोबरहि असतें. धाकट्या भावाच्या लग्नाला, वडिलांच्या शेवटच्या आजारपणाला तो याच कारणानें मुकलेला असतो. तेव्हां शेवटच्या पायरीवर उभा असतांना हातातोंडाशीं आलेला घास जाईल कीं काय, अशी धास्ती त्याला वाटली तर नवल कसलें?

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचें उदाहरण घेऊं, कारण मराठी माणसें तेथें मोठ्या संख्येनें आहेत. न्यू जर्सींत एडिसन येथें राहणारा, मूळचा वाईचा एखादा गृहस्थ डोळ्यांपुढें आणावा. कायम रहिवाशाचें कार्ड, ज्याला सारे लोक ग्रीन कार्ड म्हणतात, तें मिळून त्याला पांच वर्षें झालीं. त्यानें अर्ज केला, इंग्रजी वाचून व लिहून दाखविलें, तेथील राज्यघटनेवरच्या व इतिहासावरच्या प्रश्नांचीं उत्तरें दिलीं. आतां शपथविधीच्या सूचनापत्राची वाट पाहत तो बसला आहे. कायद्याच्या दृष्टीनें आज तो कोण? उत्तर साधें आहे. काल होता तोच. भारताचा नागरिक आणि अमेरिकेचा कायम रहिवासी. मंजुरीच्या शिफारशीनें त्याचें कांहींएक वाढलेलें नाहीं आणि कांहींएक कमीहि झालेलें नाहीं. तो कागद दाखवून अमेरिकन पासपोर्ट मिळत नाहीं, विमानांत बसतां येत नाहीं, मतदान करतां येत नाहीं. पण त्याच्या जुन्या दोन कागदांची, भारतीय पासपोर्टाची आणि ग्रीन कार्डाची, शक्ति तसूभरहि घटलेली नसते. त्या दोघांच्या बळावर तो मुंबईस उतरूं शकतो आणि त्यांच्याच बळावर नूअर्कच्या विमानतळावर परत येऊं शकतो. शपथेची वाट पाहणाऱ्यानें देशाबाहेर जाऊं नये असा नियमच नाहीं.

मग भीति कशाची? एक तर मुक्कामाच्या लांबीची. नागरिकत्व मागणाऱ्याचें अमेरिकेंतील वास्तव्य अखंड असावें लागतें, आणि हा अखंडपणा अर्जाच्या दिवशीं संपत नाहीं. शपथ होईपर्यंत तो टिकावा लागतो. सहा महिन्यांहून अधिक काळ एका दमांत बाहेर राहिल्यास वास्तव्य तुटलें असें गृहीत धरलें जातें, आणि तें तुटलें नाहीं हें दाखविण्याचा भार त्या मनुष्यावर पडतो. वर्षभर बाहेर राहिल्यास तें तुटतेंच. पांच वर्षांपैकीं निम्मे दिवस प्रत्यक्ष त्या भूमीवर काढले पाहिजेत असाहि एक नियम आहे; पण त्याची मोजणी अर्जाच्या तारखेपर्यंतच होते, नंतरच्या प्रवासानें तींत तूट येत नाहीं. म्हणजे दोन-तीन आठवड्यांसाठीं वाईला जाऊन येणाऱ्यास या बाजूनें धोका नाहीं. आईजवळ राहण्यासाठीं सात महिन्यांची बिनपगारी रजा काढणाऱ्याची गोष्ट निराळी. त्यानें खुशाल जावें, पण आपण काय पणाला लावीत आहोंत हें समजून जावें.

दुसरी भीति तारखेची. ती अधिक खरी आहे. शपथविधीचें सूचनापत्र टपालानें घरीं येतें, आणि विधीला कधीं तीन आठवडे असतात तर कधीं थोडे दिवस. गृहस्थ वाईला, सूचनापत्र एडिसनच्या टपालपेटींत, अशी स्थिति सहज उद्भवते. अशा वेळीं शेजाऱ्याला किल्ली देऊन ठेवणारा मनुष्य शहाणा. तारीख साधणें शक्य नसेल तर तें सूचनापत्र कारणासह परत पाठवून दुसरी तारीख मागतां येते, आणि आजारी आईचें कारण कोणाला खोटें वाटत नाहीं. परंतु कांहींहि न कळवितां, सबळ कारणाशिवाय, एकाहून अधिक विधींस जो गैरहजर राहतो त्यानें नागरिकत्वाचा बेत सोडून दिला असें नियम गृहीत धरतो. कायदा गैरहजेरीला क्षमा करतो, मौनाला करीत नाहीं.

तिसरी भीति त्याच सूचनापत्राच्या पाठीवर छापलेली असते. तेथें एक प्रश्नावली आहे, आणि ती शपथेच्या दिवशीं भरावयाची असते. मुलाखतीनंतर विवाह अथवा घटस्फोट झाला काय, कांहीं गुन्हा घडला काय, असे प्रश्न तींत आहेत. आणि देशाबाहेर प्रवास केला काय, हाहि त्यांत आहे. हा प्रश्न वाचून पुष्कळांचें काळीज धडधडतें. वास्तविक 'होय' हें उत्तर म्हणजे अपराधाची कबुली नव्हे. दाराशीं बसलेला अधिकारी कोठें गेलां होतां, किती दिवस होतां, इतकें विचारतो आणि टिपून घेतो. गोत्यांत येतो तो 'नाहीं' लिहिणारा. पासपोर्टावर मुंबईचे शिक्के असतांना केवळ भीतीपोटीं असत्य लिहिणें म्हणजे चोरी नसतांना पळूं लागण्यासारखें आहे.

प्रवासाच्या प्रश्नाची ही धडकी आज निष्कारण असली, तरी तिच्या मागें इतिहास आहे. हिंदी माणसाच्या नागरिकत्वाचा आणि त्याच्या प्रवासाचा अमेरिकेंत फार जुना आणि फार कडू संबंध आला आहे. मुंबईचे एक पारशी व्यापारी, भिकाजी फ्रामजी बालसारा, यांचें नागरिकत्व न्यूयॉर्कच्या अपील कोर्टानें १९१० सालीं कायम केलें. त्या काळीं कायद्याप्रमाणें गोऱ्या माणसांस आणि आफ्रिकन वंशाच्या लोकांसच नागरिक होतां येत असे, आणि 'गोरा' कोणाला म्हणावें यावर न्यायाधीशांत खल चाले. १९२३ च्या फेब्रुवारींत सर्वोच्च न्यायालयानें भगतसिंग थिंद यांच्या खटल्यांत हिंदी मनुष्य या शब्दाखालीं येत नाहीं असा निकाल दिला. थिंद हे अमेरिकन सैन्यांत नोकरी केलेले गृहस्थ. तरीहि त्यांचें नागरिकत्व गेलें. आणि मग सरकारनें मागें वळून पूर्वीं ज्यांना ज्यांना नागरिकत्व दिलें होतें, त्यांच्याविरुद्ध दावे लावले.

त्यांत पेशावरहून आलेले वैष्णोदास बगई होते. ते १९१५ सालीं पत्नी व तीन मुलांसह सॅनफ्रान्सिस्कोस आले होते. ब्रिटिश अंमलाखालीं राहावयाचें नाहीं म्हणून त्यांनीं देश सोडला होता, आणि १९२१ सालीं त्यांनीं अमेरिकेची शपथ घेतली. थिंद यांच्या निकालानंतर ती शपथ व्यर्थ ठरली. पुढें हिंदुस्थानांत आप्तांस भेटावयास जावें म्हणून त्यांनीं अमेरिकन पासपोर्ट मागितला. तो नाकारण्यांत आला, आणि ब्रिटिश पासपोर्ट घेऊन जा असें त्यांना सुचविण्यांत आलें. ज्या सत्तेचें प्रजापण त्यांनीं शपथपूर्वक टाकलें होतें, तिच्याच दाराशीं आतां पदर पसरावयाचा! त्यांनीं तें केलें नाहीं. १९२८ सालीं त्यांनीं स्वतःच्या हातानें आपलें आयुष्य संपविलें, आणि मागें ठेवलेलें पत्र तेथील वृत्तपत्रांत छापून आलें. नागरिकत्व गेल्यानें मनुष्याचें घर, दुकान, मान जातो हें तर खरेंच. पण बगई यांना शेवटीं खुपली ती गोष्ट फार लहान दिसणारी होती. त्यांना गांवीं जाऊन परत यावयाचें होतें, आणि त्यासाठीं हातांत धरावयास स्वतःचा म्हणतां येईल असा एकहि कागद उरला नव्हता.

थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित हेहि १९१४ पासून अमेरिकन नागरिक होते. त्यांच्यावरहि दावा झाला. पण ते कायदा जाणणारे. एकदां न्यायालयानें विचारपूर्वक दिलेला आणि ज्याच्या भरंवशावर मनुष्यानें आयुष्य उभारलें असा निर्णय असा उलटवितां येणार नाहीं, हें त्यांनीं १९२६ सालीं अपील कोर्टांत मान्य करून घेतलें. बाकीच्यांना १९४६ च्या जुलैपर्यंत थांबावें लागलें. त्या महिन्यांत अध्यक्ष ट्रूमन यांची सही झालेल्या कायद्यानें हिंदी लोकांस नागरिकत्वाचा हक्क मिळाला, आणि वर्षाला शंभर जणांस कायमचें येऊन राहण्याची मुभा मिळाली. शंभर! १९२० सालीं विद्यार्थी म्हणून गेलेले पंजाबचे दलीपसिंग सौंद यांनीं १९४९ सालीं शपथ घेतली. १९५६ सालीं ते निवडून आले, आणि १९५७ सालीं ते भारतांत आले तेव्हां अमेरिकन काँग्रेसचे सभासद म्हणून आले.

आतां पुन्हां एडिसनच्या गृहस्थाकडे वळूं, कारण त्याच्या प्रश्नाची खरी गांठ अजून सुटलेली नाहीं. शपथेपूर्वीं प्रवास केला तर काय होईल याची त्याला चिंता आहे. वास्तविक चिंता करावयाची तर ती शपथेनंतरच्या आठवड्यांची केली पाहिजे. विधीच्या दाराशीं ग्रीन कार्ड काढून घेतात. तें परत मिळत नाहीं. आंत शपथ होते, आणि ती पुरी होतांच, १९५५ च्या भारतीय नागरिकत्वाच्या कायद्यांतील नवव्या कलमाप्रमाणें, स्वेच्छेनें परक्या देशाचें नागरिकत्व घेतलें म्हणून त्याचें भारतीय नागरिकत्व संपतें. त्यासाठीं दिल्लीहून वेगळा हुकूम यावा लागत नाहीं. खिशांतला निळा पासपोर्ट दिसावयास तसाच, मुदतहि कदाचित् पांच वर्षें शिल्लक. पण तो आतां वापरावयाचा नाहीं, वकिलातींत जमा करावयाचा. वापरला तर दंडास पात्र. हातांत राहतें एक प्रमाणपत्र. तें सुंदर असतें, पण त्यावर प्रवास होत नाहीं. आणि अमेरिकन पासपोर्टाच्या अर्जासोबत तेंच मूळ प्रमाणपत्र टपालानें पाठवून द्यावें लागतें. मग कांहीं आठवडे त्या माणसापाशीं जगांत कोठेंहि जाण्यासारखें कांहींच नसतें. बरें, अमेरिकन पासपोर्ट आला म्हणजे वाईचा रस्ता मोकळा झाला असेंहि नाहीं. परदेशी मनुष्य म्हणून त्याला भारताचा व्हिसा लागतो. अथवा २००५ पासून मिळूं लागलेलें ओसीआय कार्ड, आणि त्याच्या अर्जाला नवा पासपोर्ट, प्रमाणपत्र व जुना पासपोर्ट रद्द करून घेतल्याचा दाखला, इतकें सारें जोडावें लागतें. या कार्डाच्या नांवांत नागरिकत्व हा शब्द आहे, पण वस्तु नाहीं. तें आजन्म येण्याजाण्याची मोकळीक देतें. मताचा हक्क देत नाहीं, शेतजमीन विकत घेऊं देत नाहीं.

अमेरिकेचा कायदा या बाबतींत कठोर नाहीं. कुटुंबांतील कोणी गंभीर आजारी असेल, अथवा प्रवासाची निकड असेल, तर शपथविधि लवकर व्हावा अशी मागणी करण्याची त्यांत सोय आहे. पुष्कळांना ती सोय ऐकून हायसें वाटतें: शपथ उरकून घेऊं आणि मग निर्धास्तपणें आईकडे जाऊं. भारतीय मनुष्याच्या बाबतींत ही दया उलटी फिरते. मंगळवारीं शपथ घेतली आणि बुधवारीं फोन आला, तर बुधवारीं निघतां येत नाहीं. तांतडीनें पासपोर्ट मिळविण्याच्या कचेऱ्या आहेत, तांतडीचा व्हिसाहि मिळतो. परंतु दोन सरकारांच्या दोन खिडक्यांपुढें उभें राहून, प्रमाणपत्रें दाखवून, मग विमान. सोमवारीं तोच मनुष्य केवळ तिकीट काढून निघाला असता. आईच्या भेटीची घाई ज्याला आहे, त्यानें शपथेची घाई करूं नये, हा यांतला व्यवहार आहे. जुने कागद जिवंत आहेत तोंवर ते वापरावे.

इतर देशांत विधि निराळे, पण मर्म पुष्कळसें सारखें. इंग्लंडांत असे समारंभ २००४ च्या फेब्रुवारींत लंडनच्या ब्रेंट भागांत प्रथम झाले. तेथें बोलावणें आल्यापासून तीन महिन्यांच्या आंत हजर व्हावें लागतें. कॅनडांत पहिला समारंभ ३ जानेवारी १९४७ रोजीं ऑटावा येथें झाला आणि पहिल्या क्रमांकाचें प्रमाणपत्र खुद्द पंतप्रधान मॅकेंझी किंग यांनीं घेतलें. आतां तेथें घरीं पडद्यासमोर बसूनहि शपथ घेतां येते. पण घेणारा त्या वेळीं कॅनडाच्या भूमीवरच असला पाहिजे. पुण्याच्या हॉटेलांत बसून कॅनडाचा नागरिक होतां येत नाहीं.

असा हिशेब मांडून झाल्यावर एडिसनचा गृहस्थ निघतो. मुंबईस उतरल्यावर भारतीय पासपोर्टधारकांच्या रांगेंत तो उभा राहतो, आणि ही रांग आपण पुन्हां धरणार नाहीं हें कदाचित् त्याच्या तेथेंच प्रथम ध्यानांत येतें. शेजारच्या रांगेंत परदेशी पासपोर्टवाले उभे असतात. त्यांत कांहीं चेहरे अगदीं त्याच्या आळींतले वाटावे असे. वाईला आई उठून बसूं लागलेली असते. कागदपत्रांचा विषय भाऊच काढतो. सात-बाराच्या उताऱ्यावर वडिलांच्या पश्चात् लागलेलें त्याचें नांव राहील काय? वारसानें आलेली जमीन त्याला ठेवतां येईल. शेजारचा तुकडा मात्र विकत घ्यावयाचा असेल तर तो भावाच्या नांवानें घ्यावा लागेल. तेव्हां काय करावयाचें तें आतांच ठरवावें, असें भाऊ म्हणतो. मुखत्यारपत्रावर सह्या होतात. मतदारयादींतून नांव काढावयाचें कीं आपोआप जाईल, याचा खल होतो. या सर्वांत आईचा प्रश्न एकच असतो, आणि त्याचें उत्तर देणें मुखत्यारपत्राहून अवघड असतें: तू आतां तिकडचा झालास म्हणजे इकडे यावयाला तुला कोणाची परवानगी लागणार काय?

लागणार. तो व्हिसाचें नांव घेत नाहीं, 'एक कार्ड काढावें लागेल' इतकेंच सांगतो. कार्ड हा शब्द आईला ओळखीचा आहे. रेशनचें असतें, बँकेचें असतें. तिचें समाधान होतें.

सतराव्या दिवशीं तो नूअर्कला उतरतो. अधिकारी निळा पासपोर्ट पाहतो, ग्रीन कार्ड पाहतो, किती दिवस होतां विचारतो आणि सोडून देतो. टपालपेटींतील लिफाफा शेजाऱ्यानें आधींच काढून ठेवलेला असतो. विधि पुढच्या गुरुवारीं. त्याच्यासमवेत राहणारी अठरा वर्षांखालील मुलगी, ग्रीन कार्ड असल्यामुळें, बापाच्या शपथेच्या क्षणीं कांहीं न उच्चारतां, बहुधा शाळेंत बीजगणिताच्या तासाला बसलेली असतांना, नागरिक होणार असते. २००१ पासून अमलांत आलेल्या कायद्याची ही करामत. तिला त्याचें विशेष कांहीं वाटत नाहीं. संध्याकाळीं केक आणावयाचा काय, इतकेंच ती विचारते.

गुरुवारीं सकाळीं सभागृहाबाहेर तो प्रश्नावली भरतो. विवाह, नाहीं. गुन्हा, नाहीं. मुलाखतीनंतर देशाबाहेर प्रवास, होय. टेबलाशीं बसलेली बाई देशाचें नांव विचारते. तो 'इंडिया' सांगतो. किती दिवस? सतरा. ती लिहून घेते, हात पुढें करते, आणि तो पाकिटांतून ग्रीन कार्ड काढून तिच्या हातांत ठेवतो.